चार फूट नऊ

आवडतं कोणतं म्हणता? तेच, बुडत्या जहाजाचं.
पण गाणी मला विचारू नका.
सहा वर्षं, आठवड्याला आठ प्रयोग,
आणि मी ते पाहिलं विंगेतून, तिरकं,
शेजारच्यांचं लग्न जिन्यातून पाहावं तसं.

जहाज रोज रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी बुडायचं,
बुधवारी-शनिवारी दुपारीसुद्धा.
स्टेजखाली चार माणसं, तेलाचा पंप, चहाची किटली.
बाहेर शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूवर
लोक थंडीत रांग लावून पैसे मोजायचे
ते बुडणं बघायला.

जहाजावर अकरा पोरं, दिवेवाली.
माझं काम त्यांची नाकं पुसणं,
गणिताच्या वह्या बघणं
आणि दर सोमवारी त्यांना मोजणं.
बूट काढून, टाचा भिंतीला, हनुवटी सरळ.
स्टेज डोअरच्या आत, चार फूट नऊ इंचांवर
पेन्सिलीची रेघ होती.
रेघेच्या वर गेलेलं डोकं
पुढच्या सोमवारी नसायचं.

जगभरच्या आया वाढत्या अंगाचे कपडे घेतात,
शिलाईत दोन बोटं माया ठेवतात.
आमच्याकडे मायेला जागा नव्हती.
पोरं गुडघ्यांत वाकायची, श्वास सोडून खांदे पाडायची.
नायजेल क्राउचची आई त्याला काळी कॉफी पाजायची,
कुणीतरी तिला सांगितलं होतं म्हणून.
तरी तो वाढलाच, आणि वर झोप गेली ती गेली.

मग ब्रिक्स्टनचा लेनॉक्स बाप्टिस्ट.
त्याने तोंड उघडलं की पिटातला म्हातारा ट्रॉम्बोनवाला
वर्तमानपत्र मांडीवर ठेवायचा.
सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात वादळ आलं,
बागांमधली झाडं एका रात्रीत आडवी झाली,
आणि झाडांनी सोडलेली उंची जणू या पोराने उचलली.
सोमवारी चार फूट साडेनऊ.

त्याची आई इस्पितळात रात्रपाळीला फरशा पुसायची.
मुलाला स्टेजवर तिने अजून पाहिलं नव्हतं.
तिला रजा मिळणार होती बारा डिसेंबरला,
एकच दुपार.

मी वहीत लिहिलं, चार फूट नऊ.
पुढच्या सोमवारीही. असे आठ सोमवार.
अर्धा इंच माया.
कपडेपटातल्या ग्लेनिसने एक अक्षर न बोलता
विजारीची दुमड उसवली.
पिंपात लपायच्या प्रसंगात त्याचं डोकं वर दिसायचं,
लोक हसायचे.
ऑफिसातून चिठ्ठी आली: पिंप बदला.

बारा डिसेंबर. ती सगळ्यात वर, खांबाआडच्या खुर्चीत.
त्याचं गाणं आलं तेव्हा मी जिने चढून गेले,
सहा वर्षांत पहिल्यांदा.
ती झोपली होती.
तोंड किंचित उघडं, हातमोजे मांडीवर,
बोटं औषधी पाण्याने सोललेली.
खाली जहाज कलत होतं, तो शेवटच्या सुरावर उभा,
हजार माणसं खोकला दाबून बसलेली.
मी तिला हलवायला हात पुढे केला
आणि तो तसाच कठड्यावर ठेवला.

लेनॉक्सला म्हटलं, फार रडली रे.
सोमवारी खरं लिहिलं. चार फूट दहा.
तो काही बोलला नाही,
बूट हातात घेऊन मोज्यांवरच
दारापर्यंत गेला.

परवा थिएटरची डागडुजी निघाली म्हणून
आम्हा जुन्यांना बोलावलं होतं, केक होता.
रंगाचे डबे भिंतीशी मांडलेले, रेघ अजून तिथेच.
मी चपला काढल्या.
पलस्तर करणाऱ्या मुलाने गंमत म्हणून
माझ्या डोक्यावर पेन्सिल टेकवली.
हाडं खचतात या वयात, डॉक्टर सांगतातच.
"एक इंच जास्त आहात, बाई," तो म्हणाला.
म्हटलं, अजून दोन हिवाळे थांब,
मग दे माझ्या हातात दिवा.